सातवी घोडी

सात पांढरे घोडे हे शब्द कोणी उच्चारले की मला शिसारी येते. नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही, खरंच येते. भद्रावतीत मी घोड्यांचा पेंटर म्हणून ओळखला जातो. चंद्रपूरपासून पार मुलचेऱ्यापर्यंत कोणाला घोडे पाहिजे असले की तो मलाच फोन करतो, आणि फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "पेंटरभाऊ, ते सात घोडे काढता ना तुमी?" काढतो ना बाबा. न काढून सांगतो कोणाला? दुकानांच्या पाट्यांचं काम फ्लेक्सनं खाल्लं, ट्रकमागची चित्रं स्टिकरनं खाल्ली. घोडे तेवढे उरले, कारण वास्तूवाल्यांनी लोकांच्या डोक्यात भरवून दिलंय की छापील घोड्यांपेक्षा हातानं काढलेल्यांचा गुण जास्त येतो.

आणि त्या घोड्यांच्या अटी तरी किती! सातच पाहिजेत. पांढरेच पाहिजेत. पळतच पाहिजेत, पण तोंड घराच्या आत. एकानंही मागं वळून पाहायचं नाही, नाही तर म्हणे आलेली बरकत परत जाते. लगाम नको, खोगीर नको, आणि मागं समुद्र पाहिजे. आमच्याकडं समुद्र पाहिलाय कोणी? इथं कोळशाच्या खाणी आहेत, जंगल आहे, धानाच्या बांध्या आहेत. पण घोडे पळणार ते समुद्राच्या फेसातून, आयाळ कशी नुकती शाम्पूनं धुतल्यासारखी भुरभुरत. मुलचेऱ्याकडच्या एका डॉक्टरनं तर मला घोड्यांच्या नाकपुड्या बुजवायला लावल्या. फार मोठ्या दिसतात, पेशंट बाया घाबरतात म्हणे. अरे भैताडा, धावता घोडा श्वास कुठून घेईल, तुझ्या स्टेथोस्कोपातून? मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, हो जी, बुजवतो.

पुन्हा या गावात पांढरं काही टिकत नाही. दोरीवर वाळत घातलेली बनियन संध्याकाळी काढायला जा, तिच्यावर कोळशाची काळी पूड बसलेली असते. माझे घोडे वर्षभरात राखाडी होतात, मग लोक फोन करतात, भाऊ, घोडे मळले, धुऊन द्या. मी जातो. ओल्या फडक्यानं घोडे पुसतो. या वयात माणसानं काय काय करावं!

मी घोडे काढायला लागलो ते काही बरकतीसाठी नाही. लहानपणी मामाच्या गावाला, गडचिरोलीकडं, जंगलातल्या एका झाडाखाली देवाला वाहिलेले मातीचे घोडे पाहिले होते. बुटके, जाड मानेचे, पाय कसे खुंटासारखे. रंग नाही, काही नाही. पावसानं झिजलेले. पण ते उभे होते. घोडा उभा राहतो कसा, हे त्या मातीच्या घोड्यांनी मला पहिल्यांदा दाखवलं. मी घरी येऊन कोळशाच्या तुकड्यानं भिंतीवर घोडे काढले आणि बापाचा मार खाल्ला. पण मग हात काही थांबला नाही.

खरा घोडा पाहायला मी जायचो तो आमच्याच गावातल्या एका घोडीवाल्याकडं. मी त्याला भाई म्हणतो, तो मला पेंटरभाऊ. त्याच्या आजापासून त्यांच्या घरचा धंदा लग्नात घोडी पाठवण्याचा. घरामागं टिनाचं शेड, त्यात दोन घोड्या. एक पांढरी आणि एक कुमैत, म्हणजे अंगानं तांबूस-तपकिरी आणि आयाळ, शेपूट काळी. पांढरी धंद्यासाठी. कुमैत घोडी हौसेची, भाईनं एका टांगेवाल्याकडून आणलेली.

मला जीव लावला तो कुमैतनं. दुपारी मी कागद घेऊन शेडमध्ये बसायचो. ती डावा मागचा पाय सैल सोडून, खुराच्या टोकावर टेकवून उभी राहायची, आणि खालचा ओठ असा लोंबत ठेवायची की एखादी बाई ओसरीवर बसल्या बसल्या डुलकी घेऊन राह्यली असं वाटावं. माशी बसली की तेवढीच जागा थरथरायची, तळहाताएवढी, बाकी अंग शांत. तेवढंच कातडं कसं हलवते ती, हे मी किती वेळा काढायचा प्रयत्न केला! जमलं नाही. घोडीच्या अंगाला मी हात लावायचो तर ती मान वळवून माझं शर्ट हुंगायची आणि पुन्हा डुलकी घ्यायची. हे असं घोडं कोणी हॉलमध्ये लावणार नाही. डुलकी घेणाऱ्या घोड्यानं बरकत कशी येईल?

एका हिवाळ्यात पांढरी पोट फुगून मेली. उरली कुमैत.

भाई शेडच्या दाराशी बसला होता. मी म्हटलं, आता हिलाच सजवून पाठव. तो म्हणाला, "कोण घेते जी? लग्नाले पांढरीच पाह्यजे. तपकिरी घोडी पाह्यली की पोरीकडचे म्हणतात, टांग्याची घोडी आणली काऊन?" मग म्हणाला, "या सीझनले हिले वराती नाई भेटल्या ना भाऊ, तर वीटभट्टीवर द्या लागन. भट्टीवाला पाहून गेला."

वीटभट्टीवरची जनावरं मी पाहिली आहेत. पाठीवर जखमा, जखमांवर माश्या, आणि जखम भरली की त्या जागी पांढरे केस. तपकिरी घोड्याच्या पाठीवर पांढरे ठिपके दिसले की समजायचं, इथं याचं कातडं मेलं होतं. भाईला मी म्हटलं, थांब, मी पाहतो काहीतरी.

आणि मी पाहायला गेलो तो एका ठेकेदाराकडं. याचे सिमेंटचे ट्रक कोरपन्याकडून चालायचे. रोडला लागून नवा बंगला बांधत होता, मे महिन्यात पोराचं लग्न होतं, आणि हॉलच्या भिंतीवर त्याला अर्थातच सात घोडे पाहिजे होते. माणूस वाईट नाही हो, हेच तर सगळ्यात वाईट. आवाज चढवत नाही, आल्यागेल्याला सरबत पाजतो, बोलता बोलता खांद्यावर हात ठेवतो. त्याला मी म्हटलं, वरातीसाठी आमच्या भाईची घोडी घ्या. कुमैत आहे, पण देखणी आहे. तो म्हणाला, "घेऊ ना जी. पांढरी कुठी भेटून राह्यली? मुहूर्त मोठा, साऱ्या घोड्या चंद्रपूर-नागपूरले बुक झाल्या."

मला एवढा आनंद झाला की मी भिंतीवर एक आगाऊपणा केला. सहा घोडे पांढरे काढले, समुद्रासकट, फेसासकट, आणि सातवी म्हणून आमची कुमैत काढली. पळणारी नाही. कडेला उभी, मागचा पाय सैल. माझ्या आयुष्यात मी भिंतीवर काढलेलं ते एकमेव खरं घोडं. ठेकेदार समोर उभा राहून पाहत राहिला आणि म्हणाला, "जिवंतच वाटून राह्यली बावा." मला वाटलं, चला, डोळे आहेत याला.

दुसऱ्या दिवशी वास्तूवाला आला. त्यानं सातव्या घोडीकडं असं पाहिलं जसं कोणी जेवणाच्या ताटात केस पाहावा. हा घोडा मळका आहे, आळशी आहे, म्हणे. ठेकेदारानं मला फोन केला. "पेंटरभाऊ, ते सातवी तेवढी पांढरी करून टाका ना. एका हाताचं तर काम हाये."

मी म्हटलं, नाही करत.

तो हसला. "अन् वरातीचीही करून द्या मंग. घोड्याचे पेंटर ना तुमी!"

मी म्हटलं, "मी चित्र रंगवतो साहेब, जनावर नाही रंगवत. तुमच्या पोराला लाज वाटत असन तर पायी जाऊ द्या." तो आणखीच हसला. रागावला नाही. बरं बरं, तपकिरी तर तपकिरी, म्हणाला. मी मूर्ख, मला वाटलं विषय संपला.

लग्नाच्या आठवड्यात भाई वेगळाच माणूस झाला होता. घोडीला खरारा करून करून त्यानं तिचं अंग पाणी भरायच्या तांब्याच्या गुंडासारखं लखलखीत केलं. आयाळीला तेल लावलं. त्याची बायको जुन्या जरीच्या झुलीला नवी झालर लावत बसली होती. पाहतीन लोक, भाई म्हणायचा, एकदा हे तपकिरी चालली ना भाऊ, मंग चालतच राहीन. ठेकेदाराचा निरोप आला, घोडी दुपारीच आणून सोडा, इथंच सजवू. भाईनं नेऊन सोडली आणि नमाज पढून झूल घेऊन येतो म्हणून घरी परतला.

मी संध्याकाळी गेलो. मे महिन्यातली आमच्याकडची संध्याकाळ म्हणजे ऊन गेलं तरी भट्टी चालूच. बंगल्याच्या फाटकासमोर डीजेची गाडी, पोरं आत्तापासूनच घामानं निथळलेली, आणि फाटकातून एक पांढरी शुभ्र घोडी बाहेर आली. मला वाटलं, मिळवली यानं दुसरी. भाईचं काय आता, असं मनात आलं आणि मी चडफडलो.

मग घोडी उभी राहिली. तिनं डावा मागचा पाय सैल सोडला.

मी जवळ गेलो. डोळ्यांभोवती बोटभर तपकिरी कडा तेवढी सोडली होती. बाकी सगळं अंग पांढरं, चामडीवर पापुद्रा चढल्यासारखं. बाजूला बंगल्याच्या भिंतींना पुट्टी मारणारा रंगारी उभा होता. दारं-खिडक्यांचा ऑइलपेंट हातावरून काढायला त्यानं टर्पेंटाइननं हात धुतले होते, तो वास त्याच्या अंगाला येत होता. मला पाहून तो खूश झाला, धंदाबंधू ना! "घट बसलं भाऊ! पह्यले खडूची पूड लावली, तं घामानं ओघळून राह्यली. मंग पांढरं सिमेंट कालवलं, गोंद टाकला. आता नाई निंगत."

पांढरं सिमेंट! घामेजल्या जिवंत कातड्यावर! या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे की सिमेंटमध्ये हात घालून काम केलं की बोटांची सालटं निघतात. सिमेंटवर पैसा कमावणाऱ्या माणसाच्या अंगणात, सिमेंटच्या ट्रकांच्या सावलीत, कोणाच्या म्हणून डोक्यात आलं नाही? छ्या. मला त्या रंगाऱ्याच्या हसण्याची शिसारी आली. घोडीकडं पाहिलं. माशी एकही नव्हती. आणि घोडीचं कातडं थरथरत होतं, तळहाताएवढं नाही, मानेपासून शेपटीपर्यंत सगळं.

भाई झूल घेऊन आला आणि त्याच्या हातातली झूल तशीच खाली पडली. त्यानं मानेला हात लावून पाहिलं. बोटाला कवच लागलं. तो म्हणाला, "पानी. पानी लाओ कोई." तोवर नवरदेवाला चढवलंही होतं. मी ठेकेदाराकडं धावलो, डीजेच्या आवाजात त्याच्या कानाशी ओरडलो, "उतरवा पोराला! जळून राह्यली ती घोडी! सिमेंट आहे ते!"

ठेकेदारानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मुहूर्त टळून राह्यला ना भाऊ. मंडप तं इथून दिसते. तिथी पोचलो की अख्खं टँकर देतो धुवाले." आणि मग अगदी मनापासून विचारलं, "तुमी सरबत घेतलं का?"

अजूनही कधी कधी अंघोळ करताना मी तो खांदा दोनदा घासतो. राग येतो तेव्हा माणूस बरा असतो, राग निघून जातो. ही किळस आहे, ही जात नाही.

वरात निघाली. भाईनं लगाम सोडला नाही, बाजूनं चालत राहिला, घोडीच्या कानाशी तोंड लावून काही तरी पुटपुटत. घोडी न्यायची की नाही, हे त्यालाही कोणी विचारलं नाही. पोरं समोर नाचत होती. गच्चीवरून एक बाई दुसरीला म्हणाली, "किती गोरीपान घोडी हाय वं!" नवरदेव शेरवानी आवरून बसला होता, डाग पडू नये म्हणून. आणि मी? मी मागून चालत होतो. आणखी काय करणार होतो? ओरडून घसा बसला होता आणि लोकांना वाटत होतं, पेंटरला चढली.

मंडपापाशी टँकर खरंच उभा होता. शब्दाचा पक्का माणूस! आम्ही पाणी मारलं. कवच सुटायला लागलं आणि त्याच्यासोबत केस सुटायला लागले, केसांसोबत वरचं कातडं. खाली लालभडक. घोडी ओरडली नाही. घोडे दुखलं तर ओरडत नाहीत, हे लोकांना माहीत नसतं, म्हणून लोक त्यांच्यासोबत काहीही करतात. मी टँकरच्या चाकाशी बसून ओकलो. आत मंगलाष्टकं चालू होती, अक्षता उडत होत्या, आणि जेवणावळीतून गरम जिलेबीचा वास येत होता.

ढोरांचा डॉक्टर म्हणाला, जीव वाचेल. भाईनं तिला शेडमध्ये घेतलं आणि दाराला पोतं टांगून अंधार केला, माश्या येऊ नयेत म्हणून. भट्टीवाला पुन्हा डोकावला, पण अशी घोडी त्यालाही नको होती. तसंही भाईनं त्याला दारातूनच हाकललं. मी काम बंद केलं होतं. ब्रश वाळून काडी झाले. रोज सकाळी शेडमध्ये जायचो, कडूनिंबाच्या डहाळीनं वारा घालायचो, भाई मलम लावायचा. घोडी मला जवळ येऊ द्यायची. शर्ट हुंगायची. ठेकेदाराच्या भिंतीकडं मी फिरकलो नाही. पुढं कळलं की सातव्या घोडीवर त्याच रंगाऱ्यानं पांढरा हात मारून घेतला. घोड्याचा आकार त्याला येत नव्हता, म्हणून आता तिथं एक पांढरी म्हैस उभी आहे म्हणतात. असू दे. समुद्रात म्हैस, बरकत दुप्पट.

पावसाळ्यात जखमा भरल्या. दिवाळीच्या सुमारास केस आले. भाईनं एका सकाळी पोतं बाजूला सारलं, उजेड आत आला. पाठीवर, खांद्यावर, मानेच्या एका बाजूला, जिथं जिथं कातडं मेलं होतं तिथं तिथं केस पांढरे आले होते. मधूनमधून जुना तांबूस रंग, बाकी पांढरं.

पोट कोणाला चुकलं आहे? दिवाळीनंतर मीही कामाला लागलो. कोणाकडे, काय, हे विचारू नका. सात होते, पांढरे होते, पळत होते. ते घोडे अर्धे झाले आणि एका दुपारी मला राहवेना. म्हटलं, आज आपल्या घोडीला काढू, आहे तशी, पांढऱ्या डागांसकट. कागद घेतला आणि शेडकडं निघालो.

पोचतो तर दारात ठेकेदार उभा. पुतणीचं लग्न ठरलं होतं, नवरदेवासाठी घोडी पाहिजे होती. आमच्या घोडीकडं पाहून त्याचा चेहरा खुलला होता. "पाह्यलं का भाऊ!" तो मला म्हणाला. "आता तं आपोआपच पांढरी होऊन राह्यली. काऊन चाचा, लग्नापर्यंत बाकीची होईन ना?"

भाईनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. नाई, एवढंच म्हणाला, आणि घोडीपुढं चारा टाकत राहिला.

मी त्या माणसाला ओलांडून आत गेलो. घोडीनं नेहमीसारखी मान वळवली, माझ्या शर्टाकडं नाक आणलं. आणि नाक तसंच मागं घेतलं. कान चपटे केले. चार पावलं मागं सरकत गेली ती भिंतीला जाऊन भिडली. माशी नव्हती, काही नव्हतं. मानेपासून शेपटीपर्यंत तिचं सगळं कातडं थरथरायला लागलं. मी हात पुढं केला, अगं, मीच तर आहे, म्हटलं. हात जवळ आला तशी ती आणखी थरथरली. सकाळी ब्रश धुतले होते, बोटांना टर्पेंटाइनचा वास होता.

"पेंटरभाऊ," भाई हळूच म्हणाला, "उलीसे मागं व्हा जी. तुमच्या हाताले रंगाचा वास येऊन राह्यला. ते भेते."

मी मागं झालो. आणखी थोडा मागं झालो, दाराबाहेर. तिथं ठेकेदार उभा होता, त्यानं माझ्यासाठी जागा केली आणि खांद्यावर हात ठेवला.